सरडगुहिरा : बचावात्मक वर्तन, हाताळणी आणि सुरक्षित वाहतूक

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण मर्यादित कुवतीबद्दल वापरली जाते. सरडगुहिऱ्याच्या बाबतीत मात्र ती शब्दशः खरी ठरते. बांधावरची बोरी-बाभळी, घाणेरीची झुडपे, निवडुंगाचे कुंपण आणि फळबागेच्या कडेची झाडी हेच त्याचे घर होय. कुंपण तोडताना, बांध साफ करताना किंवा रस्ता ओलांडताना तो माणसाच्या समोर येतो, अंग फुगवतो, जबडा उघडून फुत्कारतो आणि बहुधा त्याच क्षणी काठीचा बळी ठरतो. तो विषारी आहे, हा समज त्यामागे असतो. या समजाला कोणताही शास्त्रीय आधार नाही.

दुसरीकडे शहरांत शॅमेलिऑन पाळण्याची हौस वाढली आहे. बंगळुरूतील जयनगर हे १९४८ पासून नियोजनपूर्वक वसवलेले, वृक्षांच्या दुतर्फा रांगांचे आणि लालबागेलगतचे उपनगर. अशा वसाहतींत हा प्राणी दोन प्रकारे भेटू शकतो : बागेत किंवा मोकळ्या जागेत आढळणारा देशी सरडगुहिरा, आणि घरात जाळीच्या पिंजऱ्यात पाळलेला विदेशी शॅमेलिऑन. दोन्ही प्रसंगी मूळ प्रश्न एकच असतो. बचावाच्या पवित्र्यातील प्राण्याला इजा न करता, आणि स्वतःला इजा होऊ न देता, एका जागेहून दुसरीकडे कसे न्यावे? कायद्याच्या दृष्टीने मात्र हे दोन प्रसंग पूर्णतः भिन्न आहेत. त्यामुळे हात पुढे करण्यापूर्वी प्राण्याची ओळख पटणे आवश्यक ठरते.

ओळख

भारतात शॅमेलिऑनची एकच जाती नैसर्गिकरीत्या आढळते. तिचे शास्त्रीय नाव कॅमेलिओ झेयलॅनिकस. कन्नडमध्ये तिला ‘गोसुंबे’ म्हणतात. भारताखेरीज श्रीलंका आणि पाकिस्तानच्या आग्नेय भागात तिचे वास्तव्य आहे. शेपटीसह लांबी सुमारे ३५ सेंटिमीटरपर्यंत भरते. रंग प्रायः हिरवा, त्यावर पिवळसर किंवा गडद ठिपके व पट्टे असतात. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा असतो.

बागेत सर्रास दिसणारा, मान लाल करणारा चपळ सरडा तो हा नव्हे. पुढील लक्षणांवरून फरक सहज ध्यानात येतो.

• डोळे : सरडगुहिऱ्याचे डोळे शंकूसारखे बाहेर आलेले, पापणीने झाकलेले आणि परस्परांपासून स्वतंत्रपणे फिरणारे असतात.
• पाय : बोटे दोन गटांत जुळलेली असून पाऊल चिमट्यासारखे दिसते. पुढच्या पायाला आतल्या बाजूस तीन व बाहेरच्या बाजूस दोन, तर मागच्या पायाला याच्या उलट रचना असते.
• शेपटी : फांदीला वेटोळे घालणारी. विश्रांतीच्या वेळी ती घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली असते.
• चाल : संथ, वाऱ्यावर हलणाऱ्या पानासारखी पुढे-मागे डोलणारी. बागेतील सरडा चाहूल लागताच पळतो. सरडगुहिरा क्वचितच पळतो.

पाळीव म्हणून ठेवल्या जाणाऱ्या विदेशी जातींत येमेन व सौदी अरेबियातील ‘व्हेल्ड’ आणि मादागास्करमधील ‘पँथर’ या प्रमुख आहेत. व्हेल्ड जातीच्या डोक्यावरील तुरा देशी सरडगुहिऱ्यापेक्षा बराच उंच असतो. पँथर जातीचे नर निळ्या, तांबड्या किंवा हिरव्या भडक रंगांचे असतात.

बचावाची भाषा

सरडगुहिऱ्याला वेगाने पळता येत नाही, विष नाही आणि नखांचा उपयोग फांदी पकडण्यापुरताच. अशा प्राण्यापुढे संकटकाळी दोनच मार्ग उरतात : दिसू न देणे आणि भीती घालणे. पहिला मार्ग फसल्यावरच तो दुसरा अवलंबतो. त्याच्या वर्तनात एक ठरलेला क्रम असतो आणि तो वाचता आला, तर चावा टाळता येतो.

प्रथम तो फांदीच्या पलीकडच्या बाजूस सरकतो आणि शरीर उभे चपटे करतो. माणूस जवळ आल्यास रंग गडद होतो, गळा फुगतो, अंग डोलू लागते. त्यानंतर जबडा उघडून फुत्कार येतो. तरीही हात पुढे सरकला, तर तो झेप घेऊन चावा घेण्याचा प्रयत्न करतो. यातील पहिल्या तीन पायऱ्या म्हणजे इशारे आहेत. इशारा मिळताच हात थांबवून काही मिनिटे मागे घेतल्यास बहुतेक वेळा प्राणी शांत होतो.

रंगबदलाविषयीही गैरसमज आहे. पार्श्वभूमीशी एकरूप होण्यासाठी तो हवा तो रंग धारण करतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात रंगबदल मुख्यतः तापमान, प्रकाश, भीती आणि स्वजातीयांशी संवाद यांच्याशी निगडित असतो. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर जातीवर केलेल्या अभ्यासात असे आढळले, की त्वचेतील विशिष्ट पेशींमधील ग्वानीनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांमधील अंतर बदलले की परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो. हाताळणाऱ्यासाठी यातील व्यावहारिक बोध असा : रंग हा प्राण्याच्या अवस्थेचा निर्देशक आहे. सकाळी उन्हात बसलेला गडद सरडगुहिरा ऊब घेत असतो. हातात धरलेला गडद सरडगुहिरा मात्र ताणाखाली असतो. रात्री झोपेत तो फिकट पडतो; हा आजार नव्हे.

कायदा : हात लावण्यापूर्वी

देशी सरडगुहिरा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. तो पकडणे, पाळणे, विकणे, मारणे किंवा परवानगीविना वाहून नेणे हा तुरुंगवास व दंडास पात्र गुन्हा आहे. ‘आम्ही त्याला वाचवले आणि घरी ठेवले’ हा बचाव कायद्यात बसत नाही. अधिनियमाच्या कलम ३९ नुसार असा वन्यप्राणी शासनाची मालमत्ता ठरतो आणि तो ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळवावे लागते. म्हणून जखमी सरडगुहिरा आढळल्यास प्रथम वन विभागाशी संपर्क साधावा. महाराष्ट्रात तसेच कर्नाटकात वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

विदेशी शॅमेलिऑनची स्थिती निराळी आहे. व्हेल्ड व पँथर या जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात. अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार ही नोंदणी ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावयाची असते. मालकी, हस्तांतरण, जन्म व मृत्यू या सर्वांची नोंद त्यात अपेक्षित आहे. पाळीव शॅमेलिऑन पशुवैद्यकाकडे नेताना नोंदणीची प्रत सोबत ठेवणे हिताचे ठरते.

नोंदणीचा आग्रह का, हे बंगळुरूनेच पाहिले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानातून सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी २३४ वन्यप्राणी हस्तगत केले. त्यांत अजगर, इग्वाना, कासवे यांच्यासह शॅमेलिऑनही होते. प्लॅस्टिकच्या डब्यांत कोंबलेल्या या प्राण्यांपैकी कांगारूचे पिलू गुदमरून मेले होते. चोरट्या वाहतुकीत प्राण्याचे काय होते, याचा हा नमुना होय. वायुवीजन, उष्णता आणि जागा या तीन बाबींची हेळसांड घरगुती वाहतुकीतही घातक ठरते.

हाताळणीची पद्धत

सरडगुहिरा हाताळताना एकच तत्त्व ध्यानात ठेवावे : त्याला पकडू नये, त्याला चढू द्यावे. पुढील पद्धत पाळीव प्राण्यासाठी, तसेच वन विभागाच्या सूचनेनुसार धोक्यातून हलवावयाच्या देशी प्राण्यासाठीही लागू पडते.

१. काठी हाताआधी. अंगठ्याएवढ्या जाडीची, सालीसह असलेली खरबरीत फांदी प्राण्याच्या छातीच्या किंचित वर आणि समोर आडवी धरावी. गुळगुळीत नळी किंवा लोखंडी सळई नको. तिच्यावर पकड बसत नाही. शॅमेलिऑनची प्रवृत्ती वर चढण्याची असल्याने तो बहुधा स्वतः पुढचा पाय टाकतो.

२. वरून हात नको. ससाणा, कावळा, भारद्वाज असे शत्रू वरून येतात. वरून येणारा हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा भासतो. हात किंवा काठी नेहमी समोरून व खालून, सावकाश न्यावी.

३. ओढू नये. चारही पाय व शेपटी मिळून त्याची पकड अतिशय घट्ट असते. ओढल्यास नखे उखडतात, बोटांचे सांधे निखळतात. पालीची शेपटी तुटून पुन्हा येते. शॅमेलिऑनची येत नाही. शेपटी धरून उचलणे त्याला कायमचे अपंग करणारे ठरू शकते. पकड सोडवावयाचीच असेल, तर एकेक पाऊल मागच्या बाजूने हलकेच सुटे करावे किंवा सर्वांत उत्तम म्हणजे ती फांदीच छाटून प्राण्यासह न्यावी.

४. दाबू नये. मान, छाती किंवा गळा मुठीत धरू नये. फासळ्या नाजूक असतात आणि अंग फुगवण्यास अडथळा झाल्यास श्वसनात व्यत्यय येतो. हातावर घ्यावेच लागले, तर पोट व चारही पायांना तळव्याचा आधार मिळेल असे पाहावे.

५. उंची कमी ठेवावी. हाताळणी जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आत, बसून करावी. घाबरलेला सरडगुहिरा पकड सोडून स्वतःला खाली पाडतो. ही त्याची बचावाचीच एक रीत आहे. सिमेंटच्या फरशीवर ती प्राणावर बेतते.

६. वेळ मर्यादित ठेवावा. काम दोन-तीन मिनिटांत संपवावे. छायाचित्रासाठी, मुलांना दाखवण्यासाठी किंवा रंग बदलतो का हे पाहण्यासाठी त्याला डिवचू नये.

जाड चामडी हातमोज्यांनी चावा टळतो, पण दाब कळत नाही. पातळ सुती किंवा रबरी हातमोजे अधिक योग्य. ते नसल्यास लांब काठी पुरेशी ठरते.

चावा घेतल्यास

चाव्याने त्वचेवर ओरखडा किंवा बारीक जखम होते. विषबाधा होत नाही. हात झटकू नये, त्याने प्राण्याचा जबडा दुखावतो आणि जखमही वाढते. हात स्थिर ठेवून त्याच्या पायांखाली फांदी द्यावी. आधार मिळताच तो बहुधा जबडा सोडतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन जंतुनाशक लावावे आणि धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रेबीज हा सस्तन प्राण्यांमार्फत पसरणारा रोग असल्याने सरपटणाऱ्या प्राण्याच्या चाव्यातून त्याची भीती नसते.

खरा धोका निराळा आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत साल्मोनेला जीवाणू असू शकतात आणि प्राणी निरोगी दिसत असतानाही ते विष्ठेतून पसरतात. त्यामुळे प्रत्येक हाताळणीनंतर हात साबणाने धुवावेत, पिंजऱ्याची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुले, गर्भवती व वृद्ध यांना प्राण्यापासून दूर ठेवावे.

वाहतूक : डबा, तापमान, वेळ

जयनगरहून हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचे अंतर फार नसले, तरी शहर ओलांडावे लागते आणि वर्दळीच्या वेळी तासाहून अधिक काळ लागू शकतो. दक्षिणेकडे बन्नेरघट्टा जैविक उद्यान आणि नैर्ऋत्येस केंगेरी येथील पीपल फॉर अ‍ॅनिमल्स संस्थेचे वन्यजीव बचाव केंद्र आहे. कुठेही नेताना प्रथम दूरध्वनी करून त्या दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचे जाणकार पशुवैद्यक उपलब्ध आहेत का, याची खात्री करावी. निष्फळ फेरी हा प्राण्यावरील दुप्पट ताण असतो. जिल्ह्याच्या ठिकाणाहून तालुक्याला किंवा शहराला नेतानाही हाच नियम लागू पडतो.

डबा. बुटाच्या खोक्यापेक्षा मोठे, भक्कम पुठ्ठ्याचे खोके उत्तम. चारही बाजूंना पेन्सिलीच्या जाडीची भोके आतून बाहेर पाडावीत, म्हणजे टोकदार कडा आत राहत नाहीत. तळाशी सुती कापड किंवा वर्तमानपत्राचे थर अंथरावेत. तळापासून चार-पाच सेंटिमीटर उंचीवर एक फांदी आडवी, दोन्ही टोकांना घट्ट बसवावी. सैल फांदी धक्क्याने प्राण्याच्या अंगावर पडते. पारदर्शक बरणी, पॉलिथिनची पिशवी, घट्ट झाकणाचा डबा ही साधने सर्वथा वर्ज्य. अंधार हे सर्वांत चांगले शामक होय. बाहेरचे काही दिसत नसल्यास सरडगुहिरा थोड्याच वेळात फुत्कार थांबवून फांदीला बिलगून बसतो.

एका डब्यात एकच प्राणी. शॅमेलिऑन एकलकोंडा असतो. दुसरा केवळ दिसला तरी दोघेही ताणाखाली येतात. एकत्र कोंबल्यास चावाचावी होते.

तापमान. डब्याभोवती साधारण २२ ते २८ अंश सेल्सिअस तापमान राखावे. सरपटणाऱ्या प्राण्याला घाम येत नाही. उष्णता वाढल्यास सावलीत सरकणे एवढाच उपाय त्याच्याजवळ असतो आणि डब्यात तो उपायही नसतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील तापमान अर्ध्या तासात १५ अंशांहून अधिक वाढू शकते. प्राणी गाडीत ठेवून ‘पाच मिनिटांत येतो’ असे म्हणणे म्हणूनच धोक्याचे. डबा डिकीत, डॅशबोर्डवर किंवा वातानुकूलन यंत्राच्या थेट झोतात ठेवू नये. दुचाकीवर न्यावयाचे झाल्यास मागे बसलेल्या व्यक्तीने डबा मांडीवर आडवा धरावा. तो हँडलला अडकवू नये.

अन्न-पाणी. प्रवासापूर्वी किमान अर्धा दिवस पाळीव शॅमेलिऑनला खाद्य देऊ नये; भरल्या पोटी धक्के बसल्यास तो उलटी करू शकतो. पाणी मात्र निघण्यापूर्वी द्यावे. शॅमेलिऑन वाटीतले पाणी क्वचितच पितो, पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून पानांवर फवारणी करावी. तोंडात पिचकारीने पाणी ओतू नये; ते श्वासनलिकेत जाऊ शकते. डब्यात पाण्याची वाटी वा जिवंत किडे ठेवू नयेत. नाकतोडे व रातकिडे बंद जागेत निश्चल प्राण्याला कुरतडतात.

लक्ष ठेवावयाची चिन्हे. दिवसा डोळे मिटलेले असणे, डोळे खोल गेलेले दिसणे, पकड ढिली होणे, समोर कोणी नसतानाही जबडा उघडा राहणे आणि नाका-तोंडातून चिकट स्राव येणे ही गंभीर आजाराची, निर्जलीकरणाची किंवा उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी घरगुती उपचारांत वेळ दवडू नये.

शेतात सापडलेला सरडगुहिरा

शेतातील बहुसंख्य प्रसंगी वाहतुकीची गरजच नसते. प्राणी निरोगी असेल, तर त्याला आहे तिथेच राहू द्यावे. रस्त्यावर आढळल्यास काठीवर घेऊन ज्या दिशेला तो निघाला होता, त्या बाजूच्या झुडपावर सोडावे. विरुद्ध बाजूस सोडल्यास तो पुन्हा रस्ता ओलांडू पाहतो.

पावसाळा सरतानाचा काळ विशेष महत्त्वाचा. मादी एरवी झाडावर राहते. अंडी घालण्यासाठी मात्र जमिनीवर उतरते, मऊ मातीत बीळ खणते आणि सुमारे १० ते ३० अंडी घालून ते बुजवते. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेली, जमिनीवर हळूहळू फिरणारी मादी आजारी नसते. ती जागा शोधत असते. तिला उचलून नेल्यास एका पिढीचे नुकसान होते. ज्या बांधावर सरडगुहिरे दिसतात, तिथे या दिवसांत खोदकाम आणि पालापाचोळा जाळणे टाळल्यास अंडी वाचू शकतात.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने दोन गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे. सरडगुहिरा नाकतोडे, माश्या, पतंग, भुंगेरे असे अनेक कीटक खातो, हे खरे. आपल्या शरीराहून लांब जीभ तो क्षणार्धात भक्ष्यावर फेकतो. परंतु तो मधमाशी आणि खंडोबाचा किडा यांतही भेद करत नाही. जे टप्प्यात येते ते खातो. म्हणून त्याला परभक्षी मित्रकीटकांच्या पंक्तीत बसवून, पकडून फळबागेत आणून सोडण्याचा विचार शास्त्रीयदृष्ट्या निरर्थक आणि कायद्याने गुन्हा आहे. त्याचे मोल निराळे आहे : ज्या कुंपणात सरडगुहिरा टिकून आहे, तिथे झाडी शाबूत आहे आणि कीटकांची विविधता पुरेशी आहे, असे समजावे.

दुसरी गोष्ट कीटकनाशकांची. फवारणीने मंदावलेले कीटक सहज हाती लागतात आणि ते खाणाऱ्या प्राण्याच्या शरीरात विषाचा अंश जातो. पाळीव शॅमेलिऑनसाठी शेतातून किंवा सोसायटीच्या बागेतून किडे गोळा करणाऱ्यांनी ही बाब विसरू नये. अशा प्राण्यास केवळ खात्रीशीर, फवारणीमुक्त खाद्यावर वाढवलेले रातकिडे वा नाकतोडेच द्यावेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

ग्रामसभा, शेतीशाळा आणि शाळाभेटी यांत पुढील मुद्दे सांगता येतील.

• सरडगुहिरा विषारी नाही. त्याचा फुत्कार हा हल्ला नसून ‘दूर राहा’ एवढाच इशारा आहे.
• तो पाळणे, विकणे व मारणे हा गुन्हा आहे. औषधासाठी वा जादूटोण्यासाठी त्याची मागणी करणाऱ्यांची माहिती वन विभागास द्यावी.
• जखमी प्राणी दिसल्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे. सूचना मिळेपर्यंत भोके पाडलेल्या खोक्यात, फांदीसह, सावलीत व शांत जागी ठेवावे. हळद, तेल किंवा दूध लावू अथवा पाजू नये.
• कुंपण काढावेच लागले, तर सकाळी लवकर टॉर्चने पाहणी करावी. पहाटे फांद्यांच्या टोकांना झोपलेले फिकट सरडगुहिरे प्रकाशात चटकन दिसतात. ज्या फांदीवर प्राणी असेल, तीच फांदी छाटून लगतच्या झाडीत ठेवावी.
• कुंपण एकाच दिवशी सलग न तोडता टप्प्याटप्प्याने तोडल्यास प्राण्यांना शेजारच्या झाडीत सरकण्यास अवधी मिळतो.

पाच रुपयांची काठी, रिकामे खोके आणि दहा मिनिटांचा धीर एवढ्या सामग्रीत हे काम होते. महागड्या उपकरणांची त्यासाठी गरज नाही. फुगलेला गळा आणि उघडा जबडा पाहून काठी मारण्यासाठी उचलायची की त्याला चढण्यासाठी पुढे करायची, हे ठरवण्याइतके ज्ञान प्रत्येक वस्तीवर पोहोचणे, हीच खरी निकड आहे.